बॅकअप आहे, पण तो परत आणता येतो का? छोट्या ऑफिससाठी टप्प्याटप्प्याने

अकाउंट्स बघणाऱ्या ताईंनी ड्रॉवरमधून पेन ड्राइव्ह काढून माझ्या हातात दिला. “दादा, रोज संध्याकाळी न चुकता कॉपी करते मी.” खरंच करत होत्या. चौदा महिन्यांचे तारीखवार फोल्डर होते. प्रत्येकात एकच फाइल, कोपऱ्यात छोटा वाकडा बाण, साइझ २ केबी. डेस्कटॉपवरचा टॅली डेटाचा शॉर्टकट त्या रोज कॉपी करत होत्या. घरातलं सामान हलवायचं सोडून घराचा पत्ता तेवढा रोज लिहून ठेवावा, तसं. कॉम्प्युटरची हार्ड डिस्क तोवर टक्-टक् वाजून गप्प झाली होती. मग व्हाउचरच्या फाइली काढून वर्षभराच्या नोंदी पुन्हा हातानं टाकल्या.

दोष त्यांचा नव्हता. “रोज कॉपी करा” एवढंच त्यांना सांगितलं होतं. कॉपी केलेलं उघडून बघा, हे कुणी सांगितलं नव्हतं.

सांगली-मिरजेतली छोटी ऑफिसं, दवाखाने, मार्केट यार्डातली हळद-बेदाण्याची दुकानं यांचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. बहुतेक ठिकाणी क्रम उलटा असतो: आधी हार्ड डिस्क विकत घ्यायची, मग सुचेल ते तिच्यात टाकायचं, आणि परत आणायचा विचार मशीन बंद पडल्यावर. खालचे टप्पे दोन ते दहा कॉम्प्युटरच्या ऑफिससाठी आहेत, जिथे वेगळा कॉम्प्युटरवाला नोकरीला नाही. क्रम बदलू नका. पहिले दोन टप्पे होईपर्यंत काहीही विकत घेऊ नका.

## टप्पा १: डेटा नेमका कुठे आहे, ते वहीत लिहा

एक दुपार मोकळी ठेवा आणि साधी दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक कॉम्प्युटरसमोर, तो रोज वापरणाऱ्या माणसाच्या शेजारी बसा. “तुमचा डेटा कुठे असतो?” असं विचारू नका, उत्तर हमखास “डी ड्राइव्हला” येतं. “काल केलेलं काम उघडून दाखवा” म्हणा. फाइल उघडली की ती कोणत्या फोल्डरमध्ये आहे ते स्वतः बघा आणि पूर्ण पत्ता लिहून घ्या. सोबत चार गोष्टी: कशाचं काम, साइझ किती, किती दिवसांनी बदलतं, कोण वापरतं.

हमखास सुटणाऱ्या जागा अशा:

टॅली. टॅली प्राइममध्ये कंपनी निवडण्याच्या स्क्रीनवर डेटाचा पत्ता दिसतो. तो अनेकदा सी ड्राइव्हवर, ‘यूजर्स’मधल्या ‘पब्लिक’ फोल्डरात असतो. “आमचं सगळं डी ड्राइव्हला आहे” म्हणणाऱ्या ऑफिसातही. कंपनीच्या फोल्डरला नाव नसतं, नुसता आकडा असतो. कोणता आकडा कोणत्या फर्मचा, तेही वहीत टिपा.

डेस्कटॉप आणि डाउनलोड्स. क्लायंटनं मेलवर पाठवलेली पीडीएफ डाउनलोड्समध्येच उघडतात, तिथेच सही करतात आणि तिथेच विसरतात.

वनड्राइव्ह. नव्या विंडोजमध्ये डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर कुणाला न कळता वनड्राइव्हखाली गेलेले असतात. फाइलसमोर निळा ढग दिसत असेल, तर ती फाइल त्या कॉम्प्युटरवर नाहीच. नुसतं नाव आहे, माल इंटरनेटवर. नेट बंद असताना कॉपी करायला गेलात तर हाती काही लागत नाही.

फॉन्ट. जुनी पत्रं, ठराव, नोटिसा श्रीलिपीसारख्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये असतील, तर फाइलबरोबर तो फॉन्टही जपायला हवा. नाहीतर नव्या मशीनवर फाइल उघडते आणि पानभर अगम्य अक्षरं दिसतात.

मोबाइल. निम्मी बिलं हल्ली व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून येतात आणि मालकाच्या फोनमध्येच राहतात. दर आठवड्याला ती ऑफिसच्या फोल्डरात उतरवून घ्यायची, हे काम आत्ताच कुणाच्या तरी नावावर टाका.

डेटा नसून लागणाऱ्या गोष्टी. टॅलीचा सिरियल नंबर आणि ज्या मेलवर लायसन्स आहे तो मेल, प्रिंटर-स्कॅनरचे ड्रायव्हर, वायफायचा पासवर्ड. डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनमधली किल्ली कॉपी करता येत नाही. त्या टोकनची मुदत कधी संपते आणि ते कुणाच्या ताब्यात असतं, तेवढंच लिहा.

तपासून घ्या: यादीतला कोणताही एक पत्ता घ्या आणि दुसऱ्या माणसाला वहीत बघून तिथे पोहोचायला सांगा. त्याला तुम्हाला हाक मारावी लागली, तर पत्ता अर्धवट आहे.

## टप्पा २: दोन प्रश्न मालकाला विचारा

पहिला: किती काम पुन्हा करावं लागलं तर चालेल? दुसरा: किती वेळ बंद राहिलं तर चालेल?

ही उत्तरं मालकानं द्यायची, कॉम्प्युटरवाल्यानं नाही. आणि प्रत्येक प्रकारच्या डेटाची वेगळी. कर सल्लागाराकडे टॅलीचं एक दिवसाचं काम पुन्हा करणं जमतं. पण महिन्याची ११ आणि २० तारीख जवळ आली की अर्धा दिवसही जड जातो, कारण जीएसटीआर-१ आणि ३बी ही जीएसटीची मासिक विवरणपत्रं त्याच तारखांना लागतात. पाच वर्षांपूर्वीची स्कॅन केलेली खरेदीखतं मात्र आठवडाभर मिळाली नाहीत तरी कुणी ओरडत नाही. सगळ्याला एकच नियम लावला की एक तर खर्च फुगतो, नाहीतर महत्त्वाचं मागे पडतं.

इथेच कायद्याची बाजूही लिहून टाका. जीएसटीचे हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. कंपनी कायद्याखालच्या कंपनीला हिशेबाची पुस्तकं ८ वर्षं ठेवावी लागतात. इलेक्ट्रॉनिक हिशेब असतील, तर भारतातल्या सर्व्हरवर त्यांचा बॅकअप ठेवण्याची अट आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो रोजचा लागतो. तुमची फर्म कशात बसते, ते तुमच्या सीएंना एक फोन करून पक्कं करा.

## टप्पा ३: घर आवरा

पसारा आहे तसा कॉपी केला, की बॅकअपमध्येही पसाराच येतो. ऑफिसचं सगळं काम एका मशीनवर, एका मुख्य फोल्डरखाली आणा. आत क्लायंटप्रमाणे किंवा वर्षाप्रमाणे फोल्डर करा, दोन्हीची सरमिसळ नको. फाइलच्या नावात तारीख उलटी लिहा, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. म्हणजे यादी आपोआप क्रमानं लागते. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल शेवटची’ ही परंपरा इथे थांबवा.

सावधान: टॅलीचा डेटा फोल्डर नुसता उचलून दुसरीकडे टाकू नका. आधी टॅलीतून बॅकअप घ्या, मग फोल्डर नव्या जागी कॉपी करा, टॅलीच्या सेटिंगमध्ये नवा पत्ता द्या आणि कंपनी उघडून शेवटचा व्हाउचर नंबर जुळतोय का बघा. जुन्या फोल्डरचं नाव बदलून तो महिनाभर तसाच ठेवा. नाव बदललं नाही, तर कुणीतरी सवयीनं जुन्याच ठिकाणी नोंदी टाकत राहतं. हे मी दोन ऑफिसांत निस्तरलंय.

## टप्पा ४: किती प्रती, कुठे

जगभर वापरला जाणारा साधा हिशेब असा: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक ऑफिसच्या बाहेर. तीनमध्ये रोज वापरतो ती मूळ प्रतही धरलेली आहे. गोंधळ प्रत्येक शब्दाच्या अर्थात होतो.

‘प्रत’ म्हणजे काय? सी ड्राइव्हवरचं डी ड्राइव्हवर टाकलं ती वेगळी प्रत नव्हे, कारण बहुतेक मशीनमध्ये ते एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. दोन डिस्क जोडीनं चालणारी रेड पद्धत हाही बॅकअप नव्हे. एक डिस्क मेली तर काम थांबत नाही, एवढाच तिचा फायदा. चुकून फाइल उडवली तर ती दोन्हीकडून त्याच क्षणी उडते. गुगल ड्राइव्ह, वनड्राइव्हच्या सिंकचंही (दोन्हीकडचं आपोआप सारखं ठेवण्याचंही) तेच. इकडे डिलीट, तिकडे डिलीट. गुगल ड्राइव्हच्या कचरापेटीत फाइल ३० दिवस राहते. एप्रिलमध्ये उडालेलं फोल्डर जुलैमध्ये आठवलं, तर काही उपयोग नाही.

‘बाहेर’ म्हणजे काय? हे आम्हाला २०१९ च्या ऑगस्टमध्ये कळलं. कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं. पेठेतल्या एका व्यापाऱ्यानं नियम पाळला होता, एक डिस्क दुकानात आणि एक घरी. घर दुकानापासून दोन गल्ल्यांवर. २००५ च्या पाण्याची खूण बघून दोन्हीकडे सामान वर ठेवलं होतं आणि त्या वर्षी पाणी खुणेच्या वर चढलं. दोन्ही डिस्क चिखलात. त्यामुळे ‘बाहेर’ म्हणजे एका पुरात, एका आगीत, एका चोरीत दोन्ही जाणार नाहीत इतकं लांब. पेठेतल्या ऑफिसची डिस्क मिरजेतल्या मेहुण्याकडे, नाहीतर पुण्याच्या मुलीकडे.

आणि तिसरी गोष्ट, जी नियमात लिहिलेली नसते: एक प्रत तरी कशालाही जोडलेली नसावी. २७ जून २०१७ ला ‘नॉटपेट्या’ नावाच्या व्हायरसनं मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं नेटवर्क पुसलं. न्हावा शेव्याला जेएनपीटीतल्या त्यांच्या टर्मिनलचं कामही अडकलं. लॉगिनची सगळी व्यवस्था ज्या सर्व्हरांवर होती, ते एकमेकांची प्रत ठेवत होते, म्हणून सगळे एकत्र गेले. वाचला एक, घाना देशातला. हल्ला झाला तेव्हा तिथे लाइट गेली होती, त्यामुळे तो नेटवर्कवर नव्हताच. त्या एका सर्व्हरवरून सगळं परत उभं केलं. आपल्याला लोडशेडिंगची वाट बघायची गरज नाही. काम झालं की डिस्कची वायर काढा.

माझ्याकडे बहुतेक ऑफिसांत बसतं ते असं: ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन एक्सटर्नल डिस्क आणि शिवाय क्लाउडवर एक प्रत. या आठवड्यात ‘अ’ ऑफिसच्या कपाटात, ‘ब’ गावाबाहेर. शनिवारी अदलाबदल. पावसाळ्यात आमच्याकडे एक जादा नियम आहे: आयर्विनला ४० फुटांची इशारा पातळी आली की शनिवारची वाट न बघता डिस्क हलवायची. ४५ म्हणजे धोका पातळी, तोवर थांबलात तर रस्ता मिळेलच असं नाही.

## टप्पा ५: आता खरेदी

मुख्य फोल्डरवर राइट क्लिक करून साइझ बघा आणि तिला तिनानं गुणा. जुन्या आवृत्त्या ठेवायच्या आहेत आणि डेटा वाढणार आहे, त्यासाठी एवढी जागा पुरते. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दाखवते. दुकानदारानं फसवलं नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे.

दोन्ही डिस्क एकाच कंपनीच्या, एकाच खोक्यातल्या घेऊ नका. जोडीनं जन्मलेल्या डिस्क जोडीनं आजारी पडलेल्या मी पाहिल्यात. महिन्याकाठी एखादी फाइल इकडून तिकडे न्यायला पेन ड्राइव्ह ठीक आहे, बॅकअपसाठी नाही. एसएसडी (आत फिरती चकती नसलेली डिस्क) वेगवान असते, पण वीज न देता वर्षानुवर्षं कपाटात ठेवायची वस्तू ती नव्हे. कपाटासाठी साधी फिरती हार्ड डिस्कच बरी.

नवी डिस्क आली की ती एनटीएफएसमध्ये फॉर्मॅट करा. एफएटी-३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तिच्यात बसत नाही, आणि कॉपी मध्येच थांबल्याचं दुसऱ्या दिवशी कळतं. पक्क्या मार्करनं डिस्कवर ‘अ’ किंवा ‘ब’ आणि खरेदीचा महिना लिहा. ठेवायला हवाबंद डबा घ्या आणि आत सिलिका जेलची पुडी टाका. कोकणात आणि गोव्यात तर नक्कीच.

## टप्पा ६: पहिला पूर्ण बॅकअप

हे काम सकाळी सुरू करा. साडेपाचला सुरू करून सहाला मशीन बंद करणं हा अर्धवट बॅकअपचा राजमार्ग आहे. १२० जीबी डेटा जुन्या यूएसबी-२ पोर्टवरून जायला तासाहून जास्त लागतो. निळ्या यूएसबी-३ पोर्टवर मोठ्या फाइली वीस-पंचवीस मिनिटांत जातात. पण हजारो छोटी स्कॅन असतील तर दोन्हीकडे वेळ वाढतो.

१. सगळ्या मशीनवर टॅली, एक्सेल, मेल बंद करायला सांगा. उघड्या फाइलची कॉपी अर्ध्या वाक्यात तोडलेल्या पत्रासारखी असते.

२. टॅलीचा बॅकअप टॅलीतूनच घ्या. टॅली प्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबलं की डेटाचा मेनू येतो, त्यात ‘बॅकअप’. सगळ्या कंपन्या निवडल्या आहेत ना, ते बघा. तारखेच्या नावाचा नवा फोल्डर करून त्यात घ्या, कालच्यावर आजचा नको.

३. मग मुख्य फोल्डर, फॉन्टचा फोल्डर आणि टप्पा १ मधल्या बाकीच्या जागा कॉपी करा.

४. मूळ फोल्डरची आणि कॉपीची फाइलसंख्या आणि साइझ शेजारी-शेजारी उघडून ताडा. आकडा वहीत, तारखेसह.

५. ‘इजेक्ट’ करा आणि मगच वायर ओढा.

डिस्क गावभर फिरणार असेल तर तिला कुलूप हवं. क्लायंटांचे पॅन, आधार, बँक तपशील तिच्यात आहेत. विंडोज प्रोमध्ये त्यासाठी बिटलॉकर मिळतो, तो पासवर्डशिवाय डिस्क उघडू देत नाही. होम आवृत्तीत एक्सटर्नल डिस्कला बिटलॉकर लावता येत नाही, लावलेली डिस्क उघडता मात्र येते. बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की छापून दोन पाकिटांत घाला, एक मालकाच्या घरी, एक डिस्कपासून दूर दुसऱ्या कुणाकडे.

सावधान: टॅलीला व्हॉल्ट पासवर्ड (कंपनीचा डेटाच कुलूपबंद करणारा) असेल तर तोही त्याच पाकिटात. तो विसरला तर बॅकअप असूनही डेटा उघडत नाही. पासवर्ड फक्त एका कर्मचाऱ्याला माहीत असणं आणि पासवर्ड हरवलेला असणं यात एका राजीनाम्याचं अंतर असतं.

## टप्पा ७: रोजचं चक्र

रोजचं काम माणसाच्या आठवणीवर सोडू नका. विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून कॉपीचा आदेश ठरल्या वेळी चालवता येतो. डुप्लिकाटी किंवा वीम एजंटची मोफत आवृत्ती यांसारखे प्रोग्रॅम जुन्या आवृत्त्याही सांभाळतात. वेळ दुपारच्या जेवणाची ठेवा. रात्री मशीन बंद असतात आणि वेळापत्रक नुसतं कागदावर चालतं.

किती मागे जाता यावं? रोजच्या सात, आठवड्याच्या चार, महिन्याच्या बारा आणि ३१ मार्चची प्रत्येक वर्षाची कायमची, एवढ्या आवृत्त्या छोट्या ऑफिसला भरपूर होतात. कालच्यावर आजचा बॅकअप चढवत राहिलात, तर परवा बिघडलेली फाइल आज चांगल्या फाइलची जागा घेते.

सावधान: रोबोकॉपी या विंडोजमधल्या कॉपीच्या आदेशाचा ‘मिरर’ पर्याय बरेच जण इंटरनेटवरून उचलून वापरतात. तो मूळ फोल्डरात नसलेली प्रत्येक फाइल बॅकअपमधूनही पुसतो. मूळ आणि मुक्काम यांची अदलाबदल झाली, किंवा मूळ फोल्डर रिकामा झाला असताना तो चालला, तर बॅकअपही रिकामा. तो पर्याय पूर्ण समजल्याशिवाय नकोच.

आपोआप चालणाऱ्या बॅकअपचा मोठा दोष म्हणजे तो बंद पडतानाही आवाज करत नाही. गिटलॅब ही सॉफ्टवेअरवाल्यांचीच कंपनी. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या एका इंजिनिअरच्या हातून चालू डेटाबेसचा फोल्डर उडाला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, पण ऐन वेळी एकही धड कामाला आली नाही. डेटाबेसचा रोजचा बॅकअप आवृत्ती न जुळल्यानं फसत होता आणि तो फसल्याचे मेल कुणापर्यंत पोहोचतच नव्हते. सहा तासांपूर्वी वेगळ्या कामासाठी घेतलेली एक प्रत मिळाली म्हणून निभावलं. हे सगळं त्यांनी स्वतःच जाहीर केलं.

तपासून घ्या: दर सोमवारी एक माणूस बॅकअप डिस्क उघडेल, सगळ्यात नव्या फाइलची तारीख आणि एकूण साइझ वहीत लिहील आणि सही करेल. तीन मिनिटांचं काम. साइझ अचानक निम्मी झाली किंवा महिनाभर अगदी तीच राहिली, तर काहीतरी अडलंय.

## टप्पा ८: क्लाउडची प्रत

अपलोडचा वेग आधी मोजा. जाहिरातीतला आकडा बऱ्याचदा डाउनलोडचा असतो. २० एमबीपीएस अपलोड म्हणजे सेकंदाला अडीच एमबी, तासाला जेमतेम ९ जीबी. १२० जीबीला तेरा-चौदा तास. पहिली खेप शनिवार-रविवारी लावा, पुढे फक्त बदललेलं जातं.

खातं मालकाच्या किंवा फर्मच्या मेलवर उघडा, कर्मचाऱ्याच्या नाही. दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करा आणि त्याचे बॅकअप कोड छापून त्याच पाकिटात टाका. ओटीपी येणारा फोनच पुरात गेला तर काय, हा प्रश्न आधी सोडवून ठेवा. पैसे भरायचं कार्ड कधी संपतं ते वहीत लिहा. मोफत खात्यावर विसंबून असाल, तर दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक गुगल खातं कंपनी पुसू शकते, हे धरून चाला.

## टप्पा ९: परत आणून बघा

इथे बहुतेक जण थकलेले असतात आणि “बघू नंतर” म्हणतात. माझं मत स्पष्ट आहे. हा टप्पा करायचा नसेल तर आधीचे आठ केले काय, न केले काय.

ज्यावर रोज काम होतं ते मशीन वापरू नका. जुना लॅपटॉप घ्या, किंवा कुणाचा तरी एका दुपारसाठी मागून आणा. घड्याळ लावा. वही हातात घ्या आणि बॅकअप घेणाऱ्या माणसाला बाहेर चहाला पाठवा. रिस्टोर दुसऱ्यानं करायचं आहे.

१. लॅपटॉपवर टॅली बसवा. लायसन्सचे तपशील वहीतून मिळतात का? नसतील तर सराव इथेच थांबला. वही दुरुस्त करा.

२. बॅकअपमधला टॅलीचा फोल्डर लॅपटॉपवर कॉपी करा आणि त्या कॉपीतूनच रिस्टोर करा. मूळ बॅकअप डिस्कला हात लावायचा नाही.

३. रिस्टोरसाठी नवा रिकामा फोल्डर द्या.

सावधान: चालू डेटाच्या फोल्डरवर बॅकअप कधीही रिस्टोर करू नका. आतलं त्याच कंपनीचं काम जुन्यानं झाकलं जातं. “नुसतं तपासून बघतो” म्हणत एकानं गेल्या शुक्रवारचा बॅकअप गुरुवारच्या कामावर चढवला होता आणि सहा दिवसांच्या नोंदी तपासणीतच गेल्या.

४. ट्रायल बॅलन्स काढा. ऑफिसातल्या मशीनवर त्याच तारखेचा काढा. शेवटचा व्हाउचर नंबर, बँकेची शिल्लक, एकूण बेरीज जुळते का?

५. मुख्य फोल्डरातून दहा फाइली कशाही निवडा, त्यात एक सगळ्यात जुनी, एक जुन्या मराठी फॉन्टमधली, एक मोठी स्कॅन. प्रत्येक उघडा आणि शेवटच्या पानापर्यंत जा. पहिलं पान दिसतं म्हणून फाइल धड आहे असं नसतं.

६. घड्याळ बघा. टप्पा २ मध्ये मालक “अर्धा दिवस” म्हणाले होते आणि तुम्हाला दीड दिवस लागला, तर एक तर पद्धत बदला, नाहीतर मालकाला खरा आकडा सांगा.

पहिल्या सरावात काही ना काही अडतंच. गेल्या वर्षी एका दवाखान्यात सगळं जुळलं, पण एक्स-रेचे फोटो उघडणारा प्रोग्रॅम कुठून बसवायचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याची सेटअप फाइल शेवटी एका जुन्या सीडीवर सापडली आणि त्या कॉम्प्युटरला सीडी ड्राइव्हच नव्हता. सराव तीन महिन्यांनी एकदा. विवरणपत्रांच्या गर्दीत नको.

## टप्पा १०: तो दिवस आला तर

हा भाग छापून वहीच्या पहिल्या पानाला चिकटवा. त्या दिवशी डोकं चालत नाही.

फाइलींची नावं विचित्र झाली, स्क्रीनवर पैशांची मागणी आली: नेटवर्कची वायर काढा, वायफाय बंद करा, बाकीची मशीनही सुटी करा. स्क्रीनचा मोबाइलवर फोटो घ्या. बॅकअप डिस्क घाईघाईनं त्या मशीनला जोडू नका. नव्यानं विंडोज टाकून मशीन स्वच्छ झाल्यावरच ती जोडायची. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. कंपन्यांना अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेला कळवावी लागते.

डिस्क टक्-टक् वाजतेय: मशीन बंद करा. पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका, प्रत्येक वेळी नुकसान वाढतं. बॅकअप असेल तर तिच्याकडे बघायचंही कारण नाही.

डिस्क पाण्यात भिजली: चालू करू नका, तांदळात पुरू नका, हेअर ड्रायर मारू नका. तशीच डेटा रिकव्हरीवाल्याकडे पोहोचवा.

फाइल चुकून उडाली: त्या मशीनवर काहीही नवं सेव्ह करू नका, रिकव्हरीचं सॉफ्टवेअरही त्यावर डाउनलोड करू नका. एसएसडी असेल तर उडालेली फाइल रिकव्हरीनं मिळायची आशा कमी, सरळ बॅकअपकडे वळा.

त्या पानावर खाली चार ओळी रिकाम्या सोडा: ‘अ’ डिस्क आत्ता कुणाकडे, ‘ब’ कुणाकडे, पाकिटं कुठे, पुढच्या सरावाची तारीख काय. पहिल्या दोन ओळी पेन्सिलीनं भरा, त्या दर शनिवारी बदलणार आहेत. आणि पानाचा फोटो मालकाच्या घरच्या एखाद्या फोनमध्येही असू द्या.